मूठभर जुनं तूस

प्राणीगृहात मुरलेला माणूस उंदराच्या नवजात पिल्लांना हात लावण्याआधी त्यांच्याच पिंजऱ्यातलं मूठभर वापरलेलं तूस उचलतो आणि दोन्ही हातमोज्यांवर चोळून घेतो. मग आईला हळूच शेजारच्या पिंजऱ्यात ठेवतो, पिल्लं मोजतो, एखादं गारठलेलं वाटलं तर तळहातावर धरून ऊब देतो आणि सगळी पुन्हा घरट्यात ठेवून आईला सोडतो. आई येते, एकेकाला हुंगते, चाटते आणि त्यांच्यावर ओणवी होऊन पाजायला बसते. आत्ताच कुणी परकं येऊन गेलं, हे तिला फारसं जाणवत नाही, कारण त्या हाताला घराचाच वास होता.

भाताचं तूस म्हणजे गिरणीतून पडलेला कोंडा. निर्जंतुक करून पिंजऱ्यात अंथरला की त्याला कसलाच वास नसतो. चार दिवसांत त्यावर घरातल्या प्रत्येकाची खूण उमटलेली असते: कोण इथे राहतं, कोण मोठं, कोण माजावर आली आहे, कोण व्यायली आहे. आपल्याला तो बदलायला झालेला कचरा दिसतो. उंदरासाठी ती घराच्या दारावरची पाटी असते, आणि आतल्या माणसांची खबरबातही.

एकत्र ठेवलेल्या उंदरांची पैदास हा विषय रुक्ष वाटतो. नर किती, माद्या किती, पिल्लं किती, झालं. पण त्यात शिरलं की थक्क व्हायला होतं. एकटा उंदीर समोर ठेवून कितीही निरखला तरी त्याच्याबद्दल अर्धंच कळतं. कोण कोणाबरोबर राहतं, कोण कोणाला पाजतं, कोणाच्या तोंडाचा वास घेतं, हे पाहिलं की उरलेलं अर्धं उलगडतं. ते समजून घ्यायला हैदराबादइतकी चांगली जागा आपल्याकडे क्वचितच असेल.

तार्नाक्यातला जुना वंश

हैदराबादेत तार्नाक्याला, उस्मानिया विद्यापीठाच्या शेजारी, राष्ट्रीय पोषण संस्था आहे. भारतीय जेवणातल्या कोणत्या पदार्थात किती प्रथिनं, किती लोह, हे सांगणारे आपले तक्ते इथेच तयार झाले. संस्थेची सुरुवात मात्र निलगिरीच्या डोंगरात झाली. १९१८ साली कुन्नूरच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये रॉबर्ट मॅकॅरिसन या डॉक्टरने बेरीबेरी या रोगाच्या चौकशीसाठी एका खोलीत काम सुरू केलं. त्याची पुढे पोषण संशोधन प्रयोगशाळा झाली. १९५८ साली ती हैदराबादला आली, तेव्हा तिचे संचालक होते डॉ. व्ही. एन. पटवर्धन. मराठवाडा हैदराबादपासून वेगळा होऊन तेव्हा जेमतेम दोन वर्षं झाली होती. औरंगाबाद, परभणी, नांदेडची मुलं ज्या उस्मानियात शिकायला जात, त्याच परिसरात ही प्रयोगशाळा रुजली आणि १९६९ साली तिला आजचं नाव मिळालं.

या स्थलांतरात पांढरे उंदीरही होते. १९२० पासून या प्रयोगशाळेने विस्टर जातीच्या उंदरांचा आपला वंश राखला आहे. जगभरचे शास्त्रज्ञ त्याला 'डब्ल्यूएनआयएन' म्हणून ओळखतात. मागची तीन अक्षरं संस्थेच्या इंग्रजी नावाची. मूळचे विस्टर उंदीर अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या विस्टर इन्स्टिट्यूटमधले. बंदरांत, गटारांत, गोदामांत राहणाऱ्या तपकिरी उंदराची ती माणसाळलेली, लाल डोळ्यांची पांढरी जात. आपली घूस निराळी आणि घरातली चिमुकली उंदरी निराळी.

उंदराची मादी सात-आठ आठवड्यांत वयात येते आणि २१ ते २३ दिवस गाभण राहते. वर्षाला तीनच पिढ्या धरल्या तरी शंभर वर्षांत तीनशे पिढ्या होतात. माणसाच्या तीनशे पिढ्या मागे गेलं तर शेती नुकती सुरू झालेली दिसेल. एवढा लांब वंश, दोन गावांत, माणसांच्या कितीतरी पिढ्यांनी तारखा आणि वजनं टिपत सांभाळला. राष्ट्रीय प्रयोगशाळा प्राणी विज्ञान केंद्र याच संस्थेत उभं राहिलं. देशभरच्या प्रयोगशाळांना जनावरं पुरवण्याचं आणि ती सांभाळणारी माणसं शिकवण्याचं काम तिथे अनेक वर्षं चाललं.

सोळावा दिवस

मॅकॅरिसनना प्रश्न पडला होता तो अन्नाचा. हिंदुस्थानातल्या निरनिराळ्या प्रांतांतली माणसं अंगापिंडाने इतकी वेगळी का? त्यांनी एकाच वजनाची कोवळी पिल्लं घेतली, गट पाडले आणि प्रत्येक गटाला एकेका प्रांताचं जेवण दिलं. शीख जेवणावरचे उंदीर सरासरी २३५ ग्रॅमचे झाले, पठाणी जेवणावरचे २३० आणि मराठा जेवणावरचे २२५. तळाला, १५५ ग्रॅमवर, मद्रासी जेवण होतं, पॉलिश केलेल्या तांदळावर उभं असलेलं.

त्यांचा दुसरा एक प्रयोग मला जास्त हलवून सोडतो. वीस पिल्लांना शीख जेवण: कणकेची पोळी, लोणी, दूध, मोड आलेले हरभरे, कच्ची भाजी, अधूनमधून मांस. दुसऱ्या वीस पिल्लांना तेव्हाच्या गरीब इंग्रज घरातलं जेवण: पांढरा पाव, मार्गारीन, जास्त साखरेचा कमी दुधाचा चहा, उकडलेला कोबी-बटाटा, डब्यातलं मांस, जॅम. दोन्ही गट आपापल्या मोठ्या पिंजऱ्यात एकत्र राहत होते. पहिला गट गुण्यागोविंदाने राहिला. दुसऱ्या गटातले उंदीर खुरटे राहिले, बिचकू लागले, सांभाळणाऱ्यांना चावू लागले. सोळाव्या दिवसापासून त्यांनी आपल्यातल्याच दुबळ्यांना मारून खायला सुरुवात केली.

मॅकॅरिसन हे मोजायला निघाले नव्हते. त्यांना वजनं आणि आतड्यांचे रोग हवे होते. पण पिंजऱ्यातलं आपसातलं वागणंही त्यांनी टिपून ठेवलं आणि १९३६ साली लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ आर्ट्समधल्या व्याख्यानांत ते सांगितलं. उंदीर एकमेकांना खातात, हे आपण त्यांचा स्वभाव म्हणून ऐकत आलो आहोत. कुन्नूरच्या त्या दोन पिंजऱ्यांत जात एकच होती, वय एकच होतं. एका घराची ताटं भरलेली होती आणि दुसऱ्याची निकस, बाकी काही फरक नव्हता. पैदाशीच्या पिंजऱ्यात पिल्लू खाल्लेलं सापडलं की जाणकार आधी आईला दोष देत नाही. पाण्याची नळी अडली होती का, खाद्य बदललं का, रात्री कुठे ठोकाठोक झाली का, हे आधी बघतो.

पाऊल मादीचं

मादी चार-पाच दिवसांनी एकदा माजावर येते, तेही बहुतेक रात्री आणि काही तासांपुरतं. छोट्या पिंजऱ्यात एक नर आणि एक मादी ठेवली की वाटतं, सारा पुढाकार नराचा. शिकागो विद्यापीठात मार्था मॅक्लिंटॉक यांनी उंदरांना ऐसपैस जागा देऊन अनेक नर आणि अनेक माद्या एकत्र ठेवल्या, तेव्हा चित्र पालटलं. मादी नराजवळ जाते, कान फडफडवते, टुणकन उडी मारून पळते आणि थोड्या अंतरावर थांबते. तो मागे आला तर भेट होते. मग ती दूर जाते, आणि पुन्हा कधी जवळ यायचं ते तीच ठरवते. गटात माद्याही पाळीपाळीने पुढे येतात, नरही. म्हणून एकाच वेतातल्या पिल्लांचे बाप वेगवेगळे असू शकतात.

या लपंडावाला शरीरात अर्थ आहे. भेटींमधलं अंतर मादीने स्वतः राखलं तर गर्भ धरण्यासाठी लागणारा संप्रेरकांचा बदल थोड्या भेटींतही सुरू होतो. नराने घाई केली, मादीला पळायला जागाच नसली, तर त्याच बदलाला जास्त भेटी लागतात. पिंजऱ्याची लांबी-रुंदी अशी थेट गर्भापर्यंत पोचते.

या सगळ्याचा पुरावा सकाळी सापडतो. जाळीच्या तळाच्या पिंजऱ्याखालचा ट्रे ओढला की कधी कधी त्यात मेणचट, पांढरट, दाण्याएवढा खडा दिसतो. नराच्या स्रावाची ती गुठळी असते. ती मिळाली की तारीख लिहायची आणि तिथून दिवस मोजायचे.

पैदाशीत एका नरासोबत दोन-तीन किंवा जास्त माद्या ठेवण्याची पद्धत सर्रास आहे. दिवस भरत आले की गाभण मादीला वेगळं घरटं देतात. न दिलं तर पुढे काय होतं, तिथे आणखी एक नवल आहे. व्यायल्यानंतर दिवसभरातच मादी पुन्हा माजावर येते. नर पिंजऱ्यातच असला तर अंगावर पिल्लं असतानाच ती पुन्हा गाभण राहते. दोन्ही ओझी एकदम पेलायची कशी? तिचं शरीर नव्या गर्भांना थांबवून ठेवतं. ते गर्भाशयात येतात, पण रुजत नाहीत. पिणाऱ्या पिल्लांची संख्या मोठी असेल तर ही वाट पाहणं लांबतं आणि बाळंतपणाची तारीख काही दिवसांनी पुढे जाते. आधीच्यांचं पोट भरेपर्यंत पुढच्यांना दारात थांबवणारं हे गणित कुणी शिकवलेलं नसतं.

दूध उतरतं ते झोपेत

पिल्लू जन्मतं तेव्हा पाच-सहा ग्रॅमचं असतं, चमचाभर साखरेएवढं. गुलाबी, बिनकेसांचं; डोळे मिटलेले, कान बंद. पोटात दूध गेलं की पातळ कातडीतून ते पांढऱ्या पट्ट्यासारखं दिसतं. सांभाळणारे आधी तो पट्टा बघतात. पट्टा दिसला की जीव भांड्यात पडतो.

डोळे-कान नसताना ते स्तनापर्यंत पोचतं कसं? वासाने. बाळंत होण्याआधी आणि होताना आई स्वतःला चाटत असते. गर्भजलाचा आणि लाळेचा वास स्तनांना लागतो. पोटात असल्यापासून ओळखीचा असलेला तो वास पिल्लू हुडकत जातं. एलियट ब्लास आणि मार्टिन टायशर यांनी १९७०च्या दशकात आईचे स्तन धुऊन काढले, तेव्हा तोंडापाशी स्तन असूनही पिल्लांना तो धरता येईना. तो वास परत लावला आणि पिल्लं पुन्हा पिऊ लागली.

पिल्लं तासन्‌तास स्तनाला चिकटून असतात, तरी दूध सतत येत नाही. काही मिनिटांच्या अंतराने ते एकदम उतरतं, आणि त्या क्षणी सगळी पिल्लं एकाच वेळी ताठ होऊन हातपाय ताणतात, जणू कुणी दोरी ओढली. काही सेकंदांनी पुन्हा सैल पडतात. दूध उतरण्यासाठी आईच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन सुटावं लागतं, आणि उंदराच्या आईत ते सुटतं ती गाढ झोपेत असताना. आई झोपली तर पिल्लांना दूध. नव्या बाळंतिणीच्या पिंजऱ्याजवळ जो आवाज करतो, तो पिल्लांच्या तोंडचा घास काढतो. ओल्या बाळंतिणीची झोप मोडू नये, असं आपल्याकडची म्हातारी माणसं सांगत आली, तसाच नियम इथे दुधाच्या थेंबात उतरलेला आहे.

पिल्लाला स्वतःहून लघवीही करता येत नाही. आई चाटते तेव्हाच होते आणि आई ती पिऊन टाकते. दुधातून दिलेलं पाणी ती अशा रीतीने बऱ्याच अंशी परत मिळवते. डेव्हिड गुबर्निक आणि जेफ्री अल्बर्ट्स यांनी १९८३ साली मोजलं, तेव्हा ते दोन-तृतीयांशाच्या आसपास भरलं.

हे चाटणं फक्त स्वच्छतेपुरतं नाही. काही आया खूप चाटतात, काही कमी. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात मायकेल मीनी यांच्या चमूने पाहिलं, की जास्त चाटून घेतलेली पिल्लं मोठेपणी कमी घाबरतात. कमी चाटणाऱ्या आईची पिल्लं जन्मतःच जास्त चाटणाऱ्या आईच्या घरट्यात ठेवली, तर तीही धीट होतात, आणि त्यांतल्या माद्या पुढे आपल्या पिल्लांना भरपूर चाटतात. २००४ साली त्यांनी दाखवलं, की या चाटण्याने पिल्लाच्या मेंदूत तणाव आवरणाऱ्या जनुकावरच्या रासायनिक खुणा बदलतात. माया रक्तातून यावी लागत नाही. ती जिभेवाटे हाती दिली जाते.

जावा, मावश्या आणि वयातलं अंतर

दोन-तीन माद्या एकत्र राहत असतील आणि एक-दोन दिवसांच्या अंतराने व्यायल्या, तर बहुतेकदा पिल्लांचा एकच ढीग होतो. कोणाचं कोणतं, याचा हिशोब राहत नाही. एक खायला उठली की दुसरी पाजते. आपल्या एकत्र कुटुंबात एका जावेने दुसरीचं मूल पाजल्याच्या गोष्टी घरोघरी सांगतात, तसंच हे चित्र.

न व्यायलेली मादीसुद्धा यात येते. रटगर्स विद्यापीठातल्या जे रोझेनब्लॅट यांनी १९६७ साली दाखवलं, की जिला कधी पिल्लं झालेली नाहीत अशा मादीजवळ रोज कोवळी पिल्लं ठेवत गेलं, तर आधी ती बिचकते, त्यांना टाळते, आणि पाच-सहा दिवसांनी ती पिल्लं तोंडात धरून घरट्यात आणू लागते, त्यांना चाटते, त्यांच्यावर ओणवी होते. अंगात दूध नसतं, तरी पवित्रा पाजण्याचाच. नरही असे तयार होतात. पुढे जोसेफ टर्केल आणि रोझेनब्लॅट यांनी नुकत्याच व्यायलेल्या मादीचं रक्त अशा मादीच्या अंगात खेळवलं, तेव्हा आठवड्याचं काम दिवसाच्या आत झालं. आईपणाचे दोन रस्ते आहेत: एक रक्तातून जाणारा, झटपट, दुसरा सहवासातून जाणारा, संथ. दोन्ही एकाच घरट्याशी पोचतात.

या सामायिक घरट्याला एक कडक अट मात्र आहे. जूली मेनेला, मॅक्लिंटॉक आणि सहकाऱ्यांनी १९९० साली सामायिक पाजण्याचा अभ्यास केला, तेव्हा सगळा खेळ तारखांचा निघाला. दोन वेतांत फार दिवसांचं अंतर नसेल तर ठीक. एक वेत पंधरा दिवसांचा असताना दुसरा जन्मला, तर डोळे उघडलेली, धावती पिल्लं नव्या आईच्या दुधावरही तुटून पडतात आणि खालची इवली पिल्लं चेंगरतात, उपाशी राहतात. मादीला जेमतेम बारा स्तन. तिथे बळी तो कान पिळी. म्हणून गटात पैदास करणारा माणूस तारखांची वही डोळ्यांसमोर ठेवतो. वयं जुळत असतील तर माद्या एकत्र राहू देतो, नसतील तर वेळेत वेगळ्या करतो. मृत पिल्लं पाहून 'उंदीर क्रूर असतात' म्हणणं सोपं आहे. खरी चूक बहुधा आपल्या वहीत असते.

ढीग, गुदगुल्या आणि तोंडाचा वास

आई बाहेर गेली की पिल्लं एकमेकांवर चढून गोळा होतात. या ढिगाकडे शांतपणे बघत राहिलं तर तो सतत हलताना दिसतो. अल्बर्ट्स यांनी ही हालचाल मोजली. वरची, गार पडलेली पिल्लं खाली घुसतात, आतली उबलेली वर येतात, आणि चक्र चालू राहतं. गारवा वाढला की ढीग आवळतो, उकाडा झाला की पसरतो. अंगात ऊब धरण्याची ताकद एकट्या पिल्लात नसते. ढिगात ती येते.

एखादं पिल्लू ढिगाबाहेर घरंगळलं तर ते हाका मारतं, पण आपल्याला ऐकू येत नाही. माणसाचा कान २० किलोहर्ट्झपाशी थांबतो, आणि पिल्लाची हाक ४०च्या आसपासची असते. खोलीत आपल्याला शांतता वाटत असताना घरट्यात कल्लोळ चाललेला असतो. आई हाकेच्या रोखाने येते, पिल्लाला कातडीला धरून उचलते आणि परत ठेवते.

पंधराव्या दिवसाच्या आसपास डोळे उघडतात, एकविसाव्या दिवशी दूध तोडता येतं, आणि मग दंगा सुरू होतो. पिल्लं एकमेकांच्या मानेवर झडप घालतात, उलटून पडतात, पुन्हा उठतात. नवख्याला ती मारामारी वाटते. मानेकडे रोख असेल तर खेळ, आणि पाठीच्या मागच्या भागावर चावे दिसले तर खरी भांडणं, ही ओळख कळली की काम बरंच सोपं होतं. खेळताना ती ५० किलोहर्ट्झच्या आसपास चिवचिवतात. अमेरिकेतल्या ओहायोमध्ये याक पँकसेप यांनी हातांनी उंदरांना गुदगुल्या केल्या, तेव्हा हेच आवाज आले आणि उंदीर त्या हाताच्या मागे धावू लागले. धोका वा त्रास असला की आवाज २२ किलोहर्ट्झवर, लांब आणि जड होतो.

मोठं होता होता पिल्लू काय खावं हे शिकतं, तेही दुसऱ्याकडून. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात बेनेट गॅलेफ यांनी दाखवलं, की नवं अन्न खाऊन आलेल्या सोबत्याचं तोंड उंदीर हुंगतो आणि पुढे तेच अन्न पसंत करतो. नुसता अन्नाचा वास पुरत नाही, तो श्वासात मिसळलेला असावा लागतो. श्वासातलं कार्बन डायसल्फाइड जणू सांगतं, की हे खाणारा जिवंत आहे. नवं खाणं भिऊन टाळणाऱ्या या प्राण्याला पोषणशास्त्राने आपला मदतनीस केलं, आणि त्याच्या जेवणाचे निर्णय ओळखीच्या तोंडांवर चालतात, हे मला फार सुंदर वाटतं.

गर्दी किती, दारं किती

मग जास्तीत जास्त किती उंदीर एकत्र ठेवावेत? याचं सर्वांत गाजलेलं उत्तर जॉन कॅलहून यांनी १९६२ साली 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये लिहिलं. त्यांनी एका खोलीचे चार कप्पे केले आणि चढ-उताराच्या पुलांनी एका ओळीत जोडले. मधल्या दोन कप्प्यांना दोन-दोन वाटा, टोकाच्या दोन कप्प्यांना एकेकच वाट. टोकाच्या कप्प्यात एकेक दांडगा नर वाटेच्या तोंडाशी झोपू लागला आणि आत कोणाला येऊ देईना. त्याच्या आडोशाला माद्यांनी घरटी नीट बांधली आणि पिल्लं वाढवली. मधल्या कप्प्यांत गर्दी उसळली. माद्या अर्धवट घरटी बांधू लागल्या, मग बांधेनाशा झाल्या. पिल्लू उचलून नेताना वाटेतच टाकून जाऊ लागल्या. अशा गर्दीत ८० ते ९६ टक्के पिल्लं दूध सुटण्याआधी गेली.

हा प्रयोग लोकांनी 'गर्दी झाली की समाज सडतो' एवढ्या वाक्यात गुंडाळला. कॅलहून यांच्या खोलीत बारकावे जास्त होते. खाद्य जाळीमागे होतं, कुरतडून काढायला वेळ लागे, म्हणून शेजारी कोणी ना कोणी खात असेच. उंदरांना संगतीत खायची सवय लागली आणि दुसरीकडे मुबलक खाद्य असूनही सगळे एकाच कप्प्यात दाटू लागले. उंदरांच्या संख्येइतकाच परिणाम दारांच्या मांडणीचा आणि ताटाच्या बनावटीचा झाला. ज्या बाळंतिणीच्या दाराला आडोसा होता, तिचा संसार त्याच खोलीत, त्याच गर्दीत उभा राहिला. आजच्या पिंजऱ्यात एक नळकांडं, एक आडोसा, घरटं विणायला कागदाचे कपटे दिले जातात, ते याच समजुतीतून.

पस्तीस दिवसांचं पिल्लू

हैदराबादच्या उंदरांनी पुढे एक अनपेक्षित देणगी दिली. १९९०च्या दशकाच्या मध्यात, पाऊण शतक सांभाळलेल्या त्या वंशात काही पिल्लं भावंडांपेक्षा गोल दिसू लागली. साधारण पस्तीस दिवसांची झाली की ती वेगळी ओळखू यायची. त्यांची भूक भागतच नसे. एन. व्ही. गिरिधरन आणि सहकाऱ्यांनी त्यांचा माग काढला आणि लठ्ठ उंदरांचा नवा वंश जगापुढे ठेवला. त्यातले काही उंदीर किलोच्या पुढे जातात. मधुमेहाकडे झुकलेला दुसराही वंश त्यातून निघाला. हे लठ्ठ उंदीर स्वतः वंश चालवू शकत नाहीत. म्हणून सडपातळ दिसणाऱ्या, पण तो गुण अंगात वाहणाऱ्या आई-बापांची जोडी लावावी लागते. वहीतली नोंद चुकली तर वंशच हरवेल. हजारो पांढऱ्या पिल्लांत चार पिल्लं जरा वेगळी आहेत, हे रोज पिंजरा उघडणाऱ्या डोळ्यांनाच दिसतं.

सगळं जनुकांत नसतं, हेही याच संस्थेने दाखवलं. एम. रघुनाथ यांच्या चमूने माद्यांच्या आहारात मॅग्नेशियमसारखी खनिजं आणि काही जीवनसत्त्वं कमी ठेवली, तेव्हा पिल्लांच्या अंगात पुढे चरबी जास्त साठली. २०१५ साली आनंदवर्धन हर्डीकर आणि पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या चमूने पन्नास पिढ्या अर्धपोटी राहिलेल्या उंदरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पुढच्या दोन पिढ्यांना पोटभर जेवण देऊनही मधुमेहाकडचा कल पुसला गेला नाही. आजीचं रिकामं ताट नातवंडांच्या रक्तात दिसत राहतं, हे वाचून मी बराच वेळ गप्प बसलो होतो.

अशा अभ्यासात फरक आईच्या जेवणामुळे पडला की घरट्यातल्या गर्दीमुळे, हे कळावं म्हणून शास्त्रज्ञ प्रत्येक आईजवळ पिल्लं सारखीच, बहुधा आठ, ठेवतात. किती भावंडांत वाढलास, हा प्रश्न उंदराच्या रक्ततपासणीतही विचारावाच लागतो.

प्राणीगृहातले पिंजरे आठवड्यातून एकदा धुतले जातात. कुन्नूरमध्ये मॅकॅरिसन यांच्याकडे हजारभर उंदरांचा साठा होता: स्वच्छ पिंजरे, ऊन, मोकळी हवा आणि शीख जेवण. सव्वादोन वर्षांत तिथला एकही मोठा उंदीर रोगाने मेला नाही, असं त्यांनी नोंदवलं आहे. स्वच्छतेचा तो धडा प्राणीगृहांनी पक्का गिरवला. पण कोरा करकरीत पिंजरा, नवं तूस, कोणाचाच वास नाही, अशा जागी लहान पिल्लांसह टाकलेली आई सैरभैर होते. म्हणून जाणती माणसं बाळंतिणीचा पिंजरा पहिले काही दिवस हलवत नाहीत, आणि हलवलाच तर जुन्या घरट्यातलं मूठभर तूस नव्या पिंजऱ्याच्या कोपऱ्यात ठेवतात.

आई नव्या पिंजऱ्यात उतरते. नाक वर करून हवा घेते. कोपऱ्यात जाते, तूस हुंगते, दोन पायांनी ते ओढून घेते, आणि त्याच्याभोवती नवं घरटं रचू लागते.